सॉर्ट

आमचे अण्णा रेल्वेच्या टपालसेवेत 'सॉर्टर' होते. मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत रात्रभर उभे राहून ते पत्रे ज्या त्या खणात टाकीत. कुठले खेडे कुठल्या टपालकचेरीखाली येते, हे त्यांना तोंडपाठ असे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. बेळगावला ५ ने सुरू होणारा क्रमांक मिळाला, शेजारच्या चंदगडला ४ ने. "आता आकडे वाचता आले की झाले," अण्णा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात थोडी खंत होती.

घरी आई सुपात तांदूळ निवडायची. तेव्हा 'सॉर्ट' म्हणजे निवडणे, असे मी शाळेतच ठरवून टाकले. खडा वेगळा, तांदूळ वेगळा. नजर तेवढी हवी.

पुढे कॉलेजच्या ग्रंथालयातल्या जाडजूड कोशात हा शब्द काढला आणि चाटच पडलो. त्याचे मूळ लॅटिन 'सॉर्स'. अर्थ, कौल घेण्यासाठी टाकलेली चिठ्ठी. त्यावरून वाट्याला आलेले ते, नशीब. रोमजवळ प्रेनेस्ते येथे फोर्तुना देवीच्या देवळात ओकच्या लाकडावर कोरलेल्या अशा चिठ्ठ्या असत. त्या लहान मुलाच्या हातून काढवीत, असे सिसरोने लिहून ठेवले आहे. वाट्यावरून गट, गटावरून प्रकार आणि मग प्रकारवारी लावणे, अशा वळणांनी हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत रुजला. जोडीदार या अर्थाचा 'कॉन्सॉर्ट' म्हणजे मुळात नशिबातला वाटेकरी. चेटूक करणारा 'सॉर्सरर'ही याच कुळातला! छापखान्यातल्या सुट्या खिळ्यालाही इंग्रजीत 'सॉर्ट'च म्हणतात.

कोश मिटला, पण ती चिठ्ठी काही डोक्यातून जाईना.

अक्काचे एक वर्ष आजारपणात गेले होते, म्हणून आम्ही दोघे एकदमच एस.एस.एल.सी. झालो. कॉलेजला एकालाच पाठवता येईल एवढेच पैसे होते. अण्णांनी दोन चिठ्ठ्या केल्या आणि शेजारच्या पोराला बोलावून एक काढायला लावली. माझे नाव निघाले. गुण अक्काला जास्त होते.

गेल्या दिवाळीला मी तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा या शब्दाची कुळकथा तिला सांगितली. ती तांदूळच निवडत बसली होती. सूप खाली न ठेवता तिने विचारले, "ती दुसरी चिठ्ठी आपण उघडून बघितली नव्हती, नाही रे?"