परदेशी चिलीम

उन्हाळ्यात उजनीचे पाणी उतरू लागले की यशवंतसागराच्या काठावर जुन्या गावांच्या खुणा वर येतात. कुठे देवळाचा कळस, कुठे विहिरीचा कठडा, तर कुठे एखाद्या वाड्याचे जोते. १९८० साली धरण पूर्ण झाले आणि भीमाकाठची गावे उठून माळावर आली. घरे आली, देव आले. पारावरची बैठक मात्र जशीच्या तशी उचलून आणता आली नाही. करमाळा तालुक्यातील ज्या एका गावी आम्ही महिन्यातून एकदा मिस्सेसाठी जात असू, तेथे त्या बैठकीचे जे काही उरले होते ते एका चिलमीभोवती उरले होते.

संध्याकाळी जाळी वाळत घालून पाच-सहा वृद्ध लिंबाखाली जमत. चिलमीत खडा टाकायचा, वर तंबाखू दाबायची, विस्तव ठेवायचा, तोंडाला ओली छापी गुंडाळायची आणि झुरका घेऊन ती शेजाऱ्याच्या हाती द्यायची. नको म्हणणे म्हणजे अपमान. आमच्यापुढेही ती अनेकदा आली. आम्ही हात जोडत असू आणि सारे हसत.

आप्पा त्या बैठकीतले वडीलधारे. ते आमच्या धर्मग्रामाचे नव्हते. पण आम्ही ज्या घरी उतरत असू त्या घराचे शेजारी, आणि मिस्सा आटोपली की हमखास चहाला हजर. त्यांचा धाकटा मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला होता.

२०२० साल उजाडले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. मे महिन्याच्या अखेरीस राज्य शासनाने सार्वजनिक जागी थुंकण्यास व धूम्रपानास मनाई केली. लिंबाखालची चिलीम मात्र विझली नाही. ‘इतकी वर्षे एकमेकांचे उष्टे ओढले, आता काय व्हायचे?’ असे ते म्हणत. मुलगा दूर समुद्रावरून फोन करकरून थकला. वडील तंबाखू सोडणार नाहीत हे तो जाणून होता. निदान दुसऱ्याच्या तोंडची चिलीम तरी त्यांनी ओढू नये, म्हणून त्याने एक युक्ती केली. परदेशातील एका बंदरात ब्रायर लाकडाचा, काळ्या मुखनळीचा एक सुरेख पाइप विकत घेऊन त्याने घरी पाठवला. हा पाइप फक्त बाबांचा, दुसऱ्या कोणाचा नाही, असे त्याने बजावून सांगितले होते.

ऑगस्टमध्ये आम्ही शिधा घेऊन त्या गावी गेलो, तेव्हा प्रार्थनामंदिरे बंदच होती. आप्पांच्या ओसरीवर खुंटीला एक न उघडलेला खोका टांगलेला होता. चार दिवस कोणी त्याला शिवले नव्हते.

“फादर, लांबच्या मुलखातनं आलंय. हात लावावा का नगं?” आप्पांनी विचारले.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलेलो. विषाणूंचे शास्त्र नव्हे. तथापि त्या दिवसांत आम्ही पुष्कळ वाचले होते आणि वाचलेले सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नसे. प्रयोगशाळेत हा विषाणू पुठ्ठ्यावर सुमारे एक दिवस आणि प्लास्टिकवर फार तर तीन दिवस तगलेला आढळला आहे. हा खोका त्याहून कितीतरी अधिक दिवस वाटेत होता. विषाणूचे आवरण स्निग्ध असते, ते साबणाने फुटते. तेव्हा मुखनळी साबणाने धुवा, वाळवा, असे आम्ही सविस्तर सांगितले. शेवटी म्हणालो, “खुशाल घ्या.”

या दोन शब्दांचे ओझे आम्ही अद्याप वाहत आहोत.

आमचे सांगणे चुकीचे नव्हते. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेही म्हटले की, दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी असते. खोक्याविषयी आमचे उत्तर बरोबर होते. पण प्रश्न खोक्याचा नव्हताच.

परदेशी नळीचे कुतूहल आपल्याकडे जुने आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा वकील असद बेग भीमेपलीकडच्या विजापुराहून तंबाखू घेऊन परतला. तिच्यासाठी त्याने रत्नजडित चिलीम सिद्ध केली होती. तिची नळी दूरच्या अचिन बंदराकडची, तर मुखाशी येमेनचा अकीक. बादशहाने दोन-तीन झुरके घेताच हकीम अस्वस्थ झाला. आपल्या जाणत्यांनी न पारखलेली, परक्यांची वस्तू का घ्यावी, हा त्याचा आक्षेप. प्रत्येक रीत कधी तरी नवीच होती, हे असद बेगचे उत्तर. बादशहाने पुन्हा ओढली नाही. पण सरदारांनी मागून मागून नेली. १६१७ मध्ये जहांगीराने मनाई केली, तोवर धूर दूरवर पसरला होता.

लिंबाखालीही तेच घडले. जी वस्तू आप्पांनी एकट्याने वापरावी म्हणून आली होती, ती पाहायला सारा गाव लोटला. ‘बघू, परदेशी कशी लागते!’ ज्याने गावभर माणुसकी जपली, त्या माणसाने ‘नको’ कसे म्हणावे? छापीऐवजी काळी मुखनळी आली, एवढाच काय तो फरक.

सप्टेंबरात त्या बैठकीतील चौघे आजारी पडले. दोघे परत आले नाहीत. आप्पा वाचले; पण चार पावले चालले की त्यांना धाप लागे. संसर्ग पाइपातूनच गेला, असे आम्ही म्हणणार नाही. ते सारे खांद्याला खांदा लावून बसत. श्वासानेही तो गेला असेल. त्याच वर्षी जुलैत हरियाणातील जिंद जिल्ह्यातून, एकच हुक्का ओढलेल्या गावकऱ्यांना लागण झाल्याची बातमी आली होती. ती आम्ही वाचली होती. सांगितली मात्र नव्हती.

पुढे भेटलो तेव्हा आप्पा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “फादर, तुमी म्हनला व्हता, खुशाल घ्या.”

आम्ही निरुत्तर झालो. त्या वर्षी गुड फ्रायडेला क्रूसाचे चुंबन केवळ याजकाने घ्यावे, असा रोमचा आदेश होता. लोकांना दुरूनच वंदन करावयास सांगणे आम्हांस किती जड गेले असते! तरी प्रेमाची खूणही वेळप्रसंगी आवरावी लागते, हे त्या आदेशातून आम्ही शिकलो होतो. ते लिंबाखाली सांगण्याचे धैर्य मात्र आम्हांस झाले नाही. बैठकीचा विरस होईल म्हणून आम्ही लाकूड आणि पुठ्ठा यांविषयीच बोललो. शिवाय धुतलेल्या पाइपातला धूर धुतलेला नसतो, हेही बोललो नाही. तंबाखूमुळे जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे मरतात. आणि धूम्रपान करणाऱ्यांना कोरोनाचा आजार तीव्र होण्याचा धोका अधिक, हे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितले होते.

आता कोणी आम्हांस विचारले की, बाहेरून मागवलेली अमुक वस्तू सुरक्षित आहे का, तर आम्ही प्रथम विचारतो: ती कोण वापरणार, आणि कोणाबरोबर? कधी कधी माणसे कंटाळतात. कंटाळोत बापडी.

तो पाइप आप्पांच्या ओसरीवर त्याच खुंटीला आहे. तो त्यांनी टाकला नाही, कारण तो मुलाने पाठवलेला आहे. ओढतही नाहीत. लिंबाखाली संध्याकाळी आता तिघे बसतात. आम्ही गेलो की चहा मागवतात, आणि प्रत्येकाचा पेला वेगळा असतो.