आधी मोठ्यांना वळण

प्राथमिक शाळेतली निम्मी भांडणं मुलांच्या स्वभावातून नव्हे, तर शाळेच्या जागांतून आणि वेळापत्रकातून उपजतात. मालेगावात वर्ग सांभाळता सांभाळता माझं हे मत पक्कं होत गेलं. शिक्षकांच्या खोलीत ‘तो पोरगा वात्रटच आहे’ असा निकाल चहा संपायच्या आत लागतो. पण एक साधी वही घ्यावी, कुठे, किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं एवढंच लिहीत जावं. महिनाभराने पानं चाळली की मुलांच्या नावांपेक्षा ठिकाणंच जास्त भेटतात. हात धुण्याचा नळ, जिन्याचं वळण, शेवटचा तास.

आमच्या वहीत नळ सारखा यायचा. खिचडीच्या सुट्टीला सगळे वर्ग एकदम सुटत आणि ताटं घेऊन एकाच जागी भिडत. आम्ही पहिली-दुसरीला जरा आधी सोडायला लागलो, नळापुढच्या फरशीवर रंगाने पावलं काढली आणि आळीपाळीने एकेक शिक्षक तिथे उभा राहू लागला. ‘मॅडम, यानी माले मारं’ ही रोजची तक्रार हळूहळू विरळ झाली. त्यासाठी ना कुणाला अंगठे धरावे लागले, ना कुणाला बक्षीस द्यावं लागलं.

या कामाचं शास्त्रही आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठातल्या जॉर्ज सुगाई, रॉब हॉर्नर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याची तीन पायऱ्यांची मांडणी केली. पहिली पायरी शाळेतल्या सगळ्या मुलांसाठी. अपेक्षा मोजक्या आणि स्पष्ट सांगायच्या, त्या करून दाखवायच्या, पाळल्या की लगेच दखल घ्यायची. साधारण ८० टक्के मुलांना एवढं पुरतं, असा त्यांचा ठोकताळा आहे. दुसरी पायरी थोड्या मुलांसाठी, तिसरी अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुलांसाठी. आपल्याकडे गाडी उलटी धावते. साऱ्या शाळेची ताकद त्या चार-दोन मुलांमागे लागते आणि बाकीच्यांना काय करायचं ते कुणी नीट शिकवलेलंच नसतं.

शिकवायचं म्हणजे मालेगावच्या मुलाला शिकवायचं, हेही ध्यानात ठेवावं लागतं. यंत्रमागाच्या खडखडाटाशेजारी राहणारी माणसं मोठ्यानेच बोलतात, नाहीतर ऐकूच जाणार नाही. त्या घरातलं मूल वर्गात ओरडून उत्तर देतं ते उर्मटपणाने नव्हे. त्याला ‘ओरडू नकोस’ म्हणून भागत नाही, हळू बोलणं म्हणजे किती हळू ते ऐकवावं लागतं. आम्ही आवाजाचे तीन प्रकार ठरवले: कानातला, गटातला आणि मैदानातला. जूनमध्ये परिपाठानंतर त्यांचा सराव घ्यायचा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा घ्यायचा, कारण सुट्टीत मुलं सगळं विसरून येतात. बारा तासांच्या रातपाळीहून आलेले वडील एका खोलीच्या घरात दिवसा झोपलेले असतात, तेव्हा मुलांना गल्लीतच राहावं लागतं. असं मूल तिसऱ्या तासाला पेंगतं किंवा चिडतं. त्याला पाणी प्यायला पाठवणं, वह्या वाटायला लावणं हीसुद्धा शिस्तच आहे.

दखल घेण्याचीही रीत असते. नुसत्या ‘शाब्बास’ने मुलाला काही कळत नाही. ‘तू धाकट्याला आधी नळावर जाऊ दिलंस’ म्हटलं की कळतं. भिंतीवरच्या चांदण्यांचे तक्ते मी काढून टाकले. पंधरा दिवसांत त्याच पाच मुलांच्या नावापुढे चांदण्या साचतात आणि बाकीची मुलं त्या तक्त्याकडे बघायचं सोडून देतात. त्यापेक्षा २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आपण वर्णनात्मक नोंदी लिहितोच. त्या ‘वर्तन चांगले आहे’ असं छापील न लिहिता खऱ्या लिहिल्या, तर वेगळं रजिस्टर लागत नाही.

दुसऱ्या पायरीवरच्या मुलाला एक ठरलेलं मोठं माणूस लागतं. हजेरीआधी त्याची भेट घेणारं, सुटताना दोन मिनिटं ‘आज कसं गेलं’ विचारणारं. ते शिक्षकच असावं असं नाही, खिचडी शिजवणाऱ्या मावशीही हे काम उत्तम करतात. तिसऱ्या पायरीवर मात्र घरगुती उपाय थांबवावेत. ‘ऐकत नाही’ म्हणून बदनाम झालेल्या मुलाला खरोखरच कमी ऐकू येत असू शकतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं तेव्हा असं मूल पुढे करावं, समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलवावं.

पालकांची बाजू अवघड असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. पण आजही बाप पोराचा हात धरून येतो आणि म्हणतो, ‘मॅडम, चमडी तुम्हारी, हड्डी हमारी.’ त्याला कायद्याचं कलम ऐकवून काही साधत नाही. पालकसभा शुक्रवारी ठेवावी, त्या दिवशी माग बंद असतात आणि वडील येऊ शकतात. आलेल्यांना वही दाखवावी. मारल्याशिवाय नळावरची भांडणं कशी कमी झाली, ते आकड्यांतून त्यांना चटकन पटतं.

शिक्षेवाचून शिस्त म्हटलं की खानदेशात साने गुरुजींचं नाव निघतंच. १९२४ ते १९३० या काळात अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवताना छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, पसारा आवरत. मुलं आपोआप सुधारत. ही गोष्ट मीही मुलांना सांगते, पण शिक्षकांना सांगताना हात आखडते. ते वळण गुरुजींच्या थोरवीवर उभं होतं आणि १९३० मध्ये गुरुजी सत्याग्रहाला निघून गेले. तसा माणूस दर शाळेला मिळत नाही. तो नसतानाही जे टिकतं, त्यालाच कार्यक्रम म्हणायचं. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीडच्या जिल्हा परिषद शाळांतून ‘मूल्यवर्धन’ सुरू केलं आणि पुढे ते राज्यभर गेलं. त्यात मला महत्त्वाचं वाटतं ते हेच: हातात धरता येईल अशी पुस्तिका, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि मुलांनी जोडीत, गटात बसून करायचं काम. कुणा एकाच्या तळमळीवर सगळा भार नाही.

टिकवण्याची खरी परीक्षा जुलैनंतर असते. निवडणुकीचं काम, माहितीचे तक्ते, ऑनलाइन नोंदी, अधूनमधून शिष्यवृत्तीचे जादा तास. त्यात एका शिक्षकाने रांगेसाठी थांबायचं आणि दुसऱ्याने पाठीत धपाटा घालायचा, असं झालं की मुलं आठवड्यात ओळखतात कुणापुढे कसं वागायचं. म्हणून महिन्यातून एकदा सगळ्यांनी बसून वही वाचणं आणि एकच बदल ठरवणं, एवढं तरी मोडू देऊ नये. मुलांना वळण लावायला फार दिवस लागत नाहीत. वेळ लागतो तो आम्हा मोठ्यांचं एकमत व्हायला.

आणि मुख्याध्यापकांना एक विनंती. बदलीचा आदेश आला की आपण बाकं, कपाटं, तांदळाची पोती मोजून चार्ज देतो. त्या यादीत ही वहीही लिहा आणि नव्या माणसाची सही घ्या.