तळघरातला नॉर्मन

‘अंडरडॉग’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. मूळ इंग्रजी शब्द कुत्र्यांच्या झुंजीतून आला. खाली दाबला गेलेला तो कुत्रा हरत असला तरी झुंज अजून संपलेली नाही, हे त्या शब्दात गृहीत धरलेले असते. आपल्याकडचा जवळचा शब्दप्रयोग म्हणजे ‘गुळाचा गणपती’, पण तो बिचारा झुंजीत उतरलेलाच नसतो. बसवाल तिथे बसतो. पु. ल. देशपांडे यांनी १९५३ साली याच नावाचा चित्रपट केला. लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि भोळ्या, स्वप्नाळू नाऱ्याची भूमिका, सारे त्यांचेच होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ‘ट्रबल इन स्टोअर’ आला आणि तोकडा कोट, कलती टोपी घातलेला नॉर्मन विझडम एका चित्रपटात लोकप्रिय झाला.

या दोन चित्रपटांना शेजारी ठेवण्याचा मोह मला झाला, तो विंचूरमध्ये. पदवीचे काही विद्यार्थी शनिवारी घरी येतात. विनोदी वाङ्मयाची चर्चा चालली होती, म्हणून त्यांना दोन्ही चित्रपट दाखवले. नाऱ्यावर ते प्रेमाने हसले. नॉर्मनवर मात्र वेगळेच हसले, आणि त्या वेगळेपणाने मला विचारात पाडले.

नॉर्मन एका मोठ्या दुकानाच्या तळघरात, मालाच्या कोठारात काम करतो. दर्शनी खिडक्या सजवायच्या, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. नवे मालक फ्रीमन त्याला हाकलतात. जाता जाता तो एका प्रौढ बाईच्या जड बॅगा उचलून देतो. ही बाई (मार्गारेट रदरफोर्ड, काय तिचा रुबाब!) दुकानातला माल चोरून नेणारी आहे, हे नॉर्मनला ठाऊक नाही आणि मालकांनाही नाही. गिऱ्हाइकाशी इतक्या अदबीने वागणारा नोकर पाहून मालक खूश होतात आणि त्याला परत घेतात. म्हणजे चोरीला हातभार लावला म्हणून नोकरी टिकली! वरच्याची मर्जी आणि खालच्याची लायकी यांचा काडीचा संबंध नसतो, हे इतक्या निरागसपणे सांगणारा प्रसंग मला दुसरा चटकन आठवत नाही.

या प्रसंगावर एक विद्यार्थी म्हणाला, “सर, हे तर आपल्या लिलावासारखंच झालं.” विंचूरला लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आहे. ट्रॉल्यांची रांग लागते, व्यापारी एका ट्रॉलीपाशी थांबतात, बोली होते, पुढे सरकतात. महिनोन् महिने राबलेला माणूस ट्रॉलीच्या बाजूला उभा राहून आपल्या कांद्याचे मोल दुसऱ्यांच्या तोंडून ऐकतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी आली आणि भाव कोसळले. आदल्या दिवशीचा कांदा आणि त्या दिवशीचा कांदा यांत फरक काय होता? त्या मुलाचे वडील तेव्हा ट्रॉली घेऊन रांगेत होते. नॉर्मनची ही मर्जीतली नोकरी त्याला कळायला इंग्रजी लागले नाही.

एन्व्हर होजाच्या साम्यवादी अल्बानियात नॉर्मनच्या चित्रपटांना परवानगी होती, हे पुष्कळांना विनोदी वाटते. तिथे त्यांच्यात भांडवलदाराशी झगडणारा कामगार पाहिला गेला. मला यात हसण्यासारखे काही दिसत नाही. नॉर्मनला वर्गसंघर्षाची कल्पनाही नसेल, पण त्याचे तळघर खरे आहे.

नाऱ्याला असे तळघर नाही. नाऱ्यावर आपण माया करतो, पण त्याला खाली कोणी ठेवले, हा प्रश्न त्याच्याकडे पाहताना मनात येत नाही. पुलंवरच्या माझ्या प्रेमाला बाधा न आणता मी हे म्हणू शकतो. आपल्या मध्यमवर्गीय विनोदाने भाबडेपणाला स्वभाव मानले, परिस्थिती क्वचितच मानले.

आणखी एक गोष्ट. नॉर्मन याच चित्रपटात एक गाणे म्हणतो. मी मूर्ख आहे म्हणून मला हसू नका, अशी त्यातली विनवणी. ज्या चित्रपटाचा सगळा धंदाच त्याला हसण्यावर उभा आहे, त्यातच ही विनवणी! समीक्षकांना तो भाग फार गोड, रडका वाटू शकेल. मलाही एरवी वाटला असता. पण शनिवारी ते गाणे चालू असताना आमच्या खोलीत कोणी हसले नाही, आणि लिलावाची गोष्ट काढणाऱ्या मुलाने ते संपल्यावर पुन्हा लावायला सांगितले.