पैनगंगेचे दोन काठ

नदीच्या दोन काठांत किती अंतर असते, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. सहस्रकुंडाला गेलो की मला हे हटकून आठवते. उमरखेड तालुक्यातल्या सागाच्या रानातून पायवाट जाते. भाद्रपदात ती निसरडी असते. रुंद पानांवर थेंब वाजत असतात. नदी दिसण्याआधी तिचा घोष कानी येतो. मग झाडी सरते आणि काळ्याभोर कातळावरून पैनगंगा कोसळताना दिसते. पाण्याने घासून तो दगड असा तुकतुकीत झाला आहे की ओतीव लोखंडच वाटावे.

पलीकडे नांदेड जिल्हा. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तिकडे निजामाचा अंमल होता, अलीकडे वऱ्हाड. रझाकारांच्या भयाने कितीतरी कुटुंबे नदी ओलांडून इकडे आली. माझी आजीही आली, वडिलांच्या खांद्यावर बसून. उन्हाळ्याचे दिवस, उताराला घोटाभर पाणी. “तेवढ्या पाण्यात आमचा मुलूख बदलला,” असे ती म्हणे.

१९५६ साली दोन्ही काठ मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्रात. आता दोन्हीकडे माणसे धबधबा पाहायला जमतात. हाका ऐकू जात नाहीत. म्हणून पलीकडची पोरे हात हालवतात. मीही हालवतो.