तिकीट नंबर ७४२

माझ्या छंदाची सुरुवात एका गुन्ह्यानं झाली.

आठवीत होतो. जुनी नाणी जमवायचं खूळ नुकतंच डोक्यात शिरलं होतं. आजीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक काळपट पितळी चकती होती, तिच्यावर ठोकून उमटवलेला आकडा: ७४२. आजोबांचा गिरणीतला बिल्ला. मी तो चिंच-मीठ लावून घासला, सोन्यासारखा लख्ख केला आणि आजीच्या हातात ठेवला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला. म्हणाली, "छान झालाय रे. पण आता ह्यांचा वाटत नाही."

जुन्या धातूवर चढलेला काळा थर घासायचा नसतो, हा या छंदाचा पहिला नियम. मला तो असा कळला.

पुढं कॉलेजात नाणी मागं पडली आणि टोकनं जमवायला लागलो. चोरबाजारात, फोर्टच्या फुटपाथवर, भंगाराच्या डब्यात हात घालून. कुठल्या कॅन्टीनच्या चहाचं टोकन, कुठला हजेरीचा बिल्ला, कुठल्या स्पर्धेचं पदक. नाण्यावर राजा असतो, टोकनावर नुसता नंबर. पण तो नंबर एकाच माणसाचा असतो. आजी सांगते, गेटवर आजोबांना नावानं कोणी ओळखत नसे, ते सातशे बेचाळीसच होते.

मग राणीछाप रुपयाच्या नादी लागलो. ११.६६ ग्रॅम वजन, बारा भागांतले अकरा भाग चांदी. पण पुष्कळ रुपयांवर बारीक ठसे असतात: एखादं फूल, चांदणी, नुसता टोचा. हे सराफांचे. आत तांबं आणि वर चांदीचा मुलामा असा खोटा रुपया यायचा, म्हणून सराफ ठसा मारून धातू तपासायचा. म्हणजे ज्या रुपयाला डाग म्हणून आज कमी भाव मिळतो, तो खरा असल्याची खात्री कुणीतरी स्वतःच्या हातानं करून घेतली होती.

सरकारंही हेच करत आली. १७९७ साली इंग्लंडात चांदीच्या नाण्यांचा तुटवडा पडला, तेव्हा स्पॅनिश डॉलरवर, तिथल्या राजाच्या गळ्यावरच, तिसऱ्या जॉर्जचं इवलंसं डोकं ठोकून ती नाणी चलनात आणली. याला काउंटरस्टॅम्प म्हणतात. एका नाण्यावर दोन राजे, आणि त्याला किंमत जास्त. सराफाच्या ठशाला मात्र कमी.

गेल्या वर्षी एका नाणेप्रदर्शनात ७४२ घेऊन गेलो. विकायला नव्हे, भाव काढायला. विक्रेत्यानं भिंग लावलं. "घासलेला आहे. आणि हे भोक नंतर पाडलंय, कड बघा कशी फाटलीय. पन्नास रुपये."

भोक नंतरचं? इतकी वर्षं हातात घेऊन मला ते दिसलं नव्हतं. घरी येऊन आजीला विचारलं.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यात आजोबा. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, म्हणजे हिशेबानं आजोबा शेवटपर्यंत संपावरच होते. पहिले काही महिने बिल्ला रोज सदऱ्याच्या खिशात असायचा. कधी बोलावणं येईल सांगता येत नाही, म्हणून. मग आजी पापड लाटायला लागली, आजोबा दादरला भाजीच्या गाडीवर उभे राहू लागले. आजी म्हणाली, "एक दिवस मी किल्ल्या हरवल्या. हे काही बोलले नाहीत. खिळा घेतला, हातोडी घेतली, बिल्ल्याला भोक पाडलं आणि किल्ल्या त्यात अडकवून दिल्या. म्हणाले, आता हरवायच्या नाहीत."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? पापड लाटत होते."

त्या दिवसापर्यंत मी समजत होतो, की घासून मी त्यांची खूण पुसली. पण ती काळ्या थरात नव्हतीच. भोकाची फाटकी कड तशीच आहे, बोटाला लागते.

माझ्या अल्बममध्ये मुंबईच्या टोकनांचं एक पान आहे. त्यातला पहिला कप्पा रिकामा ठेवलाय. ७४२ परत जुडग्यात आहे, आजीच्या कमरेला, आणि तिच्या हातानं पुन्हा काळा पडत चाललाय.