मार लांब!

आपली टीम हरली म्हणून चिडणारे पुष्कळ असतात. मी त्यांच्यातली नाही. माझी टीम हरते, याची मला शाळेपासूनची सवय आहे. मी चिडते ती ती कशी खेळते, यावर.

माझी टीम म्हणजे भारताची फुटबॉल टीम. आमच्या खानदेशात फुटबॉलचं वेड तसं कमीच. कोल्हापुरात कसं, पेठापेठांचे संघ, तालमींची ईर्षा! जळगावात तुम्ही ‘आज मॅच आहे’ म्हणालात, तर समोरचा विचारणार, ‘बॅटिंग कोणाची?’ फुटबॉल खेळणारी पोरं आहेत, पण त्यांच्या पाठीवर नाव मेस्सीचं, नाहीतर रोनाल्डोचं. आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात भारताची मॅच बघणारे दोघंच : एक मी आणि दुसरे धुळ्याचे माझे मामा.

आता माझी तक्रार ऐका. आपल्या बचावपटूच्या पायात चेंडू येतो. दहा पावलांवर आपलाच गडी मोकळा उभा असतो, हात वर करून पास मागत असतो. पण छे! हा धाडकन लाथ मारतो आणि चेंडू आभाळात. खाली येतो तिथे आपला एकटा फॉरवर्ड आणि त्यांचे तीन धिप्पाड गडी. चेंडू गेलाच. मग ते चाल करून येतात, आपण अडवतो, पुन्हा लाथ, पुन्हा आभाळ. घासलेली भांडी कुणीतरी लगेच खरकटी करून ठेवावीत, तसं दीड तास चालतं.

14 जानेवारी 2019. आशियाई कप, शारजा, भारत विरुद्ध बहारीन. इकडे भोगीचा दिवस, मी धुळ्याला मामांकडे. आठच दिवसांपूर्वी, 6 तारखेला, याच आपल्या टीमने थायलंडला 4-1 असं धुतलं होतं. मध्यंतराला 1-1 होते. नंतर अशा चाली रचल्या, असे पास दिले की मी खुर्चीवर उभी राहिले! छेत्रीचे दोन, अनिरुद्ध थापा आणि जेजेचा एकेक गोल. मग अमिरातीकडून 2-0 हरलो, पण त्याही सामन्यात आपण दोनदा गोलच्या दांडीवर चेंडू मारला. म्हणजे यांना खेळता येतं! म्हणून तर जास्त राग.

बहारीनशी नुसती बरोबरी झाली असती तरी आपण गटात दुसरे आलो असतो. आशियाई कपच्या बाद फेरीत आपली टीम तोवर एकदाही पोचली नव्हती. झालं! बरोबरीसाठीच खेळायला लागले. चेंडू आला की लाथ, आला की लाथ. संदेश झिंगन आणि मंडळी डोंगरासारखी उभी होती हे कबूल, पण डोंगर तरी किती वेळ लाटा झेलणार? मामा दर दोन मिनिटांनी अहिराणीत ओरडत होते, ‘अरे भो, बॉल कसाले फेकी दिना?’ नव्वद मिनिटं संपली, 0-0. एक्क्याण्णवाव्या मिनिटाला आपल्याकडून फाऊल, पेनल्टी आणि गोल. एका मिनिटात आपण दुसऱ्या जागेवरून चौथ्या, म्हणजे शेवटच्या जागेवर. सामना संपल्या संपल्या प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाईन यांनी राजीनामा दिला.

त्यांच्यावर सगळं खापर फोडणं मात्र बरोबर नाही. 2015 मध्ये आपण जगात 173 व्या क्रमांकावर होतो, त्यांच्या हाताखाली 2017 मध्ये 96 वर आलो. मामा तर त्यांचीच बाजू घेतात. ‘दुबळ्याने घराचं दार लावूनच बसावं,’ म्हणतात. ‘ग्रीसने 2004 चा युरो कप असाच जिंकला ना?’

जिंकला. पण मग मी मामांना 1962 सांगते. जकार्ताच्या एशियाडमध्ये पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला 2-0 हरवलं. फायनलला पुन्हा तेच समोर. आपला जर्नेलसिंग हा बचावपटू डोक्याला टाके पडलेल्या अवस्थेत. दुसऱ्या कुणी त्याला विश्रांती दिली असती. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, मूळचे हैदराबादचे शाळामास्तर, यांनी काय करावं? त्याला चक्क पुढे, फॉरवर्ड म्हणून खेळवलं! पी. के. बॅनर्जीने एक गोल केला, दुसरा या जर्नेलसिंगने. 2-1, सुवर्णपदक. त्याआधी 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीमसाहेबांचीच टीम चौथी आली होती. तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली ती आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने. रहीमसाहेब छोटे छोटे पास द्यायला शिकवायचे. बलदंड टीमसमोर अंगापेक्षा चेंडूच पळवलेला बरा, असा साधा हिशेब.

यावर मामा गप्प बसतील असं वाटलं होतं. बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी, संक्रांतीच्या सकाळी, त्यांनी मला जवळच्या मैदानावर नेलं. पोरं दगडांचे गोल मांडून खेळत होती. आमची काळी माती तुम्हाला माहीतच आहे : पावसाळ्यात चिखल, नंतर वाळून दगड, उन्हाळ्यात भेगा. मामा म्हणाले, ‘दे बरं एक छोटा पास.’ मी दिला. चेंडू ढेकळावर आपटला आणि भलतीकडेच उडाला. तेवढ्यात मागच्या पोराला चेंडू मिळाला आणि सगळी टीम एका सुरात ओरडली, ‘मार लांब!’

‘बघ,’ मामा म्हणाले, ‘इथे खाली खेळवला तर चेंडू दगा देतो. वर मारला तर निदान पुढे जातो. सवय इथेच लागते.’ जिथे माणसांनाच नळाच्या पाण्याची वाट बघावी लागते, तिथे मैदानावर पाणी मारून हिरवळ कोण राखणार, हा त्यांचा पुढचा प्रश्न. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण एक गोष्ट मी हेरून ठेवली. त्या मैदानाच्या कडेला, भिंतीलगत, पोरांच्या जाण्यायेण्याने एक पट्टा गुळगुळीत झाला होता. सात-आठ पावलं रुंद असेल. तिथे एक नऊ-दहा वर्षांची मुलगी आपल्या भावाशी पास-पास खेळत होती. चेंडू जमिनीला चिकटून जात होता. मामांनी तिला विचारलं, ‘मोठ्या मुलांत का नाही खेळत?’

‘तिकडे बॉल हवेतच असतो,’ ती म्हणाली, ‘पायाला लागतच नाही.’