कमाल पासष्ट

पंचेचाळिशीत मी गिअरची सायकल घेतली, तीही जुनी. ‘माउंटन बाइक आहे, राजमाचीला सहज जाईल,’ विकणारा म्हणाला. सायकल जाईल म्हणाला होता, मी जाईन असं नव्हे, हे घाट लागल्यावर कळलं.

लोणावळ्यातून तुंगार्ली मागे टाकून राजमाचीच्या उधेवाडीकडे निघालो. अंतर १५-१६ किलोमीटर. डांबर संपून मुरूम लागला. टायरच्या कडेवर ‘कमाल ६५ पीएसआय’ असं इंग्रजीत छापलेलं वाचून मी घरूनच ६५ हवा भरली होती. पीएसआय म्हणजे चौरस इंचावर किती पौंड दाब. दगड आला की सायकल चेंडूसारखी उडायची, चढावर मागचं चाक जागच्या जागी मुरूम उकरायचं. शेवटी उतरून ढकलू लागलो. म्हशी राखणारे आजोबा म्हणाले, “ढकलतच न्यायची तर आणली कशाला?”

पुढच्या रविवारी शहाणपण केलं. हवा थेट २० वर आणली. सायकल मऊ झाली, पकडही आली, आणि पहिल्याच टोकदार दगडावर फुस्स! ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं. दोन काटे शोधण्यात अर्धा तास घालवला. कामशेतच्या पंक्चरवाल्या दादांनी भोकांकडे बघूनच सांगितलं, “काटा नाय साहेब. हवा कमी, म्हणून दगडानं ट्यूब रिमवर चेपली. साप चावल्यागत दोन भोकं पडतात.”

म्हणजे टायर रुंद हवा, असा निष्कर्ष मी काढला. हवा कमी ठेवली तरी रिम टेकणार नाही. जुन्यावर २७.५ × १.९५ (इंचांत) आणि खाली ५०-५८४ लिहिलेलं. दुकानात जाऊन ऐटीत म्हणालो, “५८४ मॉडेलमध्ये मोठा दाखवा.” दुकानदार हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. ५० ही मिलिमीटरमधली रुंदी आणि ५८४ हा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. २९ इंची चाकाचा तो ६२२ असतो, म्हणून एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. त्यांनी २.२५ सुचवला. मी हट्टाने २.४ घेतला. मागे बसवला तर तो फ्रेमला घासायला लागला. “टायर आणि फ्रेममध्ये बोट तरी शिरलं पाहिजे,” ते म्हणाले. माझं नखही शिरेना. निमूट २.२५ चा जोड घेतला.

आता पकड. टायरवरच्या रबरी गुठळ्यांना नॉब म्हणतात. ‘वेगात पळतो’ म्हणून मी बारीक, दाट नॉबचा निवडला. जुलैत पवना धरणाजवळ भातखाचरांच्या कडेने गेलो. चिखलणी चालू होती. दहा मिनिटांत नॉबच्या फटी बुजल्या आणि टायर शेणाने सारवल्यासारखा गुळगुळीत झाला. मीही बांधावरून खाचरात उतरलो, बसून. चिखलाला उंच आणि लांब लांब नॉब लागतात, म्हणजे चाक फिरताना तो झडून जातो.

पण तसलेच दोन्हीकडे लावले तर जुन्या हायवेवर टायर घोंघावतात आणि पाय भरून येतात. म्हणून दुकानदारांनी तोड काढली: पुढे उंच नॉब, मागे बुटके आणि दाट. पुढचं चाक घसरलं की माणूस पडतो, मागचं घसरलं तर बहुतेकदा सावरतो. पुढचा टायर घरी मीच बसवला. फिरण्याच्या दिशेचा बाण कडेवर असतो, हे उलटा बसवल्यावर दिसलं.

परवा पुन्हा राजमाचीला गेलो. माझं वजन ७६ किलो, पुढे २६ आणि मागे २९ हवा. हे आकडे माझे आहेत, तुमचे वजनाप्रमाणे आणि वाटेप्रमाणे बदलतील. सगळा चढ चढलो असं नाही, दोनदा उतरलोच. आजोबा भेटले नाहीत, नशीब.

नवा टायर घेण्याआधी हवा मोजायचा काटा घ्या. आहे त्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय कमी-जास्त करून त्याच वाटेवर दोनदा जाऊन बघा. माझ्याकडचा २.४ चा टायर तसाच पडून आहे. कुणाच्या सायकलला बोट शिरत असेल तर घेऊन जा.